बारा महिन्यांचा रहिवास

“मुलकी नवरा कर. मग तूबी मुलकी. कायद्यातच हाय तसं.”

धाराशिवच्या कलेक्टर कचेरीत साहेबांपुढं कागद मांडणारे पेशकार मला हे म्हणाले. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात. मग खुर्चीत मागं रेलून त्यांनी पुढं जोडलं, “अर्जाला पंधरा वर्षं, लग्नाला पंधरा मिन्टं. तुझं तू बघ.”

तीन टेबलांवरचे कारकून हसले. दारातला शिपाई हसला. कामासाठी आलेला एक म्हातारा शेतकरी भिंतीशी बसला होता, तोही हसला. काय चाललंय ते त्याला कळलं नसावं. कचेरीतली माणसं हसली म्हणून तो हसला.

मी उभी होते. खुर्ची होती, पण तिच्यावर फायलींचं गाठोडं होतं. ते कुणी उचललं नाही.

त्याआधी त्यांनी मला माझाच अर्ज वाचायला लावला होता. अर्ज इंग्रजीत होता. “आमाला न्हाय येत मडमांची भाषा. वाच, ऐकू दे सगळ्यांला.” मी वाचायला लागले. आवाज फुटेना. “मोठ्यानं!” मी मोठ्यानं वाचलं. ‘आय मोस्ट रिस्पेक्टफुली बेग टु स्टेट.’ आम्हाला शाळेत अर्ज असाच शिकवला होता. आधी भीक, मग मागणं. मागच्या टेबलावरचा एक कारकून माझ्या आवाजाची नक्कल करत होता. मी शेवटपर्यंत वाचलं. मध्येच थांबता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

लग्नाचा सल्ला देऊन झाल्यावर पेशकारांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. त्यावर चहाच्या बशीचा ओला गोल उमटला होता. मी अर्ज उचलला आणि म्हणाले, “थँक यू, सर.”

सवयीनं म्हणाले. नऊ वर्षांची सवय. हशा पुन्हा उसळला. जिना उतरले तरी ऐकू येत होता. अपमान त्यांनी केला आणि आभार मी मानले. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मुलकी म्हणजे निजामाच्या मुलखात जन्मलेला किंवा तिथं पंधरा वर्षं राहिलेला रहिवासी. जो बाहेरून आला तो गैरमुलकी. निजाम गेला. त्याची नाणी गेली, सीमेवरचे जकातीचे नाके गेले. पण सरकारी नोकरी मुलकी माणसालाच, हा नियम राहिला. हैदराबाद राज्य आता भारतात आहे, मी भारताची नागरिक आहे, आणि माझ्या वडिलांच्या खोलीपासून चार मिनिटांवर असलेल्या मुरुमच्या सरकारी मुलींच्या शाळेत मी परकी आहे.

त्या शाळेत मी सहा महिने शिकवत होते. इंग्रजीला कुणी मिळत नव्हतं म्हणून मला तात्पुरतं घेतलं होतं. मग कागद आला. महिन्याच्या आत मुलकी सर्टिफिकेट हजर करावं, नाहीतर नेमणूक रद्द. मोठ्या बाईंनी तो कागद मला देताना माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, “अहो, नुसती रीत असते. आणून टाका.”

त्याच आठवड्यात नागरिकशास्त्राचा तासही माझ्याकडे होता. मी फळ्यावर लिहिलं होतं की भारताचा नागरिक भारतात कुठंही राहू शकतो, कुठंही काम करू शकतो. मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. कागदाची गोष्ट गावात फुटल्यावर एका मुलीनं उभं राहून विचारलं, “बाई, तुमी परदेशच्या हाव का?” तिनं खोडी काढली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी तिला खाली बसायला सांगितलं आणि धडा बदलला.

माझा गुन्हा असा की मी माझ्या आईच्या माहेरी जन्मले.

आप्पा, माझे वडील, अक्कलकोट संस्थानातल्या एका खेड्यातले. लग्नाआधीच ते मुरुमला आले. तिथं कापसातली सरकी काढायचं जिन नवं सुरू झालं होतं आणि तेलावर चालणारं इंजिन सांभाळणारा माणूस हवा होता. दोन्हीकडे राजे होते, दोन्ही राज्यांवर इंग्रज होता. आप्पा एका अंकित मुलखातून दुसऱ्या अंकित मुलखात आले, बैलगाडीनं, एका दिवसात. दोन्हीकडे लोक कानडी बोलत होते, दोन्हीकडे ज्वारीची भाकरी होती. आपण देश बदलला असं त्यांना कुणी सांगितलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला अव्वा, माझी आई, माहेरी गेली. तिचं माहेरही अक्कलकोट संस्थानातच. मी तिला एकदा रागानं विचारलं, “कशाला गेलीस?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “पैली बाळंतीण सासरी कोन ठेवतं गं? लोकं काय म्हनली असती?” तीन महिन्यांनी मला दुपट्यात गुंडाळून ती परत आली, तेव्हा जकातीच्या नाक्यावर गाडी अडवली होती. शिपायानं दुपटं उचकटून पाहिलं आणि म्हणाला, “लेकराला जकात न्हाय, जावा.” हे सांगताना अव्वा नेहमी हसायची. हल्ली हसत नाही.

दुसरा गुन्हा शिक्षणाचा. मामा सोलापूरला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या ओळखीनं मला मडमांच्या शाळेत फी माफ झाली. आठव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत मी तिथं होते. सोलापूर म्हणजे ब्रिटिश हद्द. म्हणजे तीही वर्षं गेली. वीस वर्षांच्या आयुष्यात माझी मुरुमची वर्षं अकराच भरतात. पंधरा लागतात. मडमांच्या शाळेत इंग्रजी बोललं नाही तर शिक्षा व्हायची, घरी कानडी, बाहेर मराठी. तिन्ही भाषांत मी कमीच बोलते. लोकांना वाटतं गर्व आहे. तसं नाही. तोंड उघडलं की कुठली आहे ते समोरचा विचारतो, म्हणून गप्प राहायची सवय लागली.

राहता राहिला एक रस्ता. बाप मुलकी ठरला तर मुलगी मुलकी. आप्पांना मुरुमला येऊन पंचवीस वर्षं झाली होती. पंधरा हवी होती, पंचवीस होती. त्यांनी मॅजिस्ट्रेटपुढं शपथ घ्यायची की मूळ गावी परत जाण्याचा इरादा मी कायमचा सोडला आहे, आणि एका प्रतिष्ठित मुलकी माणसानं साक्ष द्यायची की हा इथं सतत राहिलेला आहे.

धाराशिवहून मी परत आले, तेव्हा ही गोष्ट सांगितली. हशा सांगितला नाही. आप्पा म्हणाले, “येवढंच व्हय? मालक देतील की साक्ष. मालकांच्या डोळ्यांदेखत ऱ्हायलो म्या.”

त्या साली आप्पा गावच्या जत्रेला गेले नाहीत. दर साली चार दिवस ते जायचे. पालखीच्या पुढच्या दांडीला आमच्या घराचा खांदा असतो. गावाकडून काकांचा निरोप आला, दुसऱ्यांदा आला. आप्पा गेले नाहीत. इरादा सोडला म्हणून शपथ घ्यायची आणि जत्रेला जायचं, हे त्यांना पटेना. पालखी निघाली असेल त्या दुपारी ते जिनाच्या आवारात नुसते बसून होते. मी ते खिडकीतून पाहिलं आणि मनात म्हटलं, माझ्यासाठी.

जिनाच्या मालकांचे आजोबा बार्शीकडून आलेले. बार्शी म्हणजे त्या वेळी ब्रिटिश मुलूख. तेही गैरमुलकीच. पण निजामाच्या अमलात त्यांच्या घराला मुलकीचा कागद घरपोच आला. कुणी त्यांना जन्म कुठला ते विचारलं नाही, आणि त्यांच्या बायका बाळंतपणाला कुठं गेल्या तेही विचारलं नाही.

आम्ही दोघं त्यांच्या बैठकीत गेलो. आप्पा चपला बाहेर काढून उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभे राहिले. मी त्यांच्या मागं. मालक गादीवर बसून आडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

“इंजिनवाले, पोरगी मास्तरीण झाली म्हनं?”

“व्हय जी. तुमची किरपा.”

“माझी कसली? मडमांची म्हन.” ते हसले. “येतो की साक्षीला. तारीख कळव.”

आप्पा परतताना जवळजवळ पळत होते. मला म्हणाले, “बघ माय, मानसं वाईट नसत्यात. कागद वाईट असत्यात.”

इथं जिनाची रीत सांगायला हवी. जिन दसऱ्यानंतर सुरू होतं आणि वैशाखात बंद होतं. कापूस संपला की गडी आपापल्या गावी जातात. हजेरीपटावर सगळे हंगामी. आप्पासुद्धा. पण इंजिन वैशाखात बंद पडलं तरी तसंच ठेवता येत नाही. ते उघडावं लागतं. प्रत्येक भाग काढून, रॉकेलात धुऊन, पुसून, पोत्यांवर ओळीनं मांडावा लागतो. झिजलेलं काय ते बघावं लागतं. मग ग्रीस लावून, पुन्हा जोडून, पावसाची हवा लागू नये म्हणून महिन्यातून दोनदा फिरवावं लागतं. हे सगळं आप्पा करायचे. मे महिन्याच्या सुटीत मी सोलापूरहून यायची ती थेट त्या पोत्यांपाशी. कुठला नट कुठल्या भागाशेजारी ठेवायचा हे मला पाठ होतं. चुकलं तर आप्पा कानडीत हळूच म्हणायचे, “अल्ल, माय, अल्ल.” नाही, तिथं नाही. आणि आम्ही राहायचो कुठं? जिनाच्याच आवारात, पत्र्याच्या खोलीत. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. बारा महिने. पंचवीस वर्षं.

पण पटावर आठ महिनेच. उरलेले चार महिने आप्पा कुठंच नव्हते.

तारखेला डेप्युटी कलेक्टरसाहेबांसमोर आम्ही उभे राहिलो. मालक बसले. त्यांना खुर्ची मिळाली. पेशकारांनी मला ओळखलं. “आली का मास्तरीण. अजून न्हाय का जमलं कुठं?”  या वेळी मी थँक यू म्हणाले नाही.

साहेबांनी मालकांना विचारलं, “हा इसम मुरुमला सतत राहतो का?”

 मालक सरळ आवाजात म्हणाले, “आमच्याकडं हंगामी हाय, साहेब. जिन चालू तंवर असतो. बंद झालं की आपल्या गावाला जातो.”

मला आधी वाटलं ते चुकून बोलले. मग त्यांचा चेहरा पाहिला. ते विचार करून आलेले होते. गेल्या महिन्यात कामगार खात्याचा माणूस जिनावर येऊन हजेरीपट पाहून गेला होता. हा मनुष्य बारमाही आहे असं मालकांनी सरकारपुढं एकदा सांगितलं असतं, तर तेच उद्या त्यांच्या गळ्यात आलं असतं. आप्पा बारमाही ठरले की मग आवारातले वॉचमन, फिटर, सुतार, सगळे बारमाही ठरले असते, आणि त्यांना बारमाही नोकराचे हक्क द्यावे लागले असते. आमचं मुलकी होणं मालकांना परवडणारं नव्हतं.

साहेब आप्पांकडे वळले. “बरोबर आहे का हे?”

मी आप्पांकडे पाहिलं. मला खात्री होती. ज्या माणसानं जत्रा सोडली तो आता बोलणार. पालखी, पोती, रॉकेल, पत्र्याची खोली, सगळं बोलणार.

आप्पांनी हात जोडले.

“मालक म्हनत्यात ते बरोबर हाय.”

“चार महिने गावी असता?”

“व्हय जी.”

खोलीत कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतं. माझ्या बापानं पंचवीस वर्षं स्वतःच्या तोंडानं पुसून टाकली होती आणि ती पुसताना हात जोडले होते.

मी म्हणाले, “खोटं आहे.”

माझा आवाज मलाच नवा वाटला. लहान होता, पण थरथरत नव्हता. साहेबांनी मान वर केली.

“कोण खोटं बोलतंय?”

“दोघंही.”

पेशकार ओरडले, “बापाला खोटं पाडती! हे शिकवत्यात का मडमा?” साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि मला विचारलं, “पुरावा?”

पुरावा. खोली मालकांची, पट मालकांचा, आवार मालकांचं. शेजारी राहणारे मालकांचे गडी. मी म्हणाले, “इंजिन आहे. पावसाळ्यात ते कोण उघडतं ते यांना विचारा.” साहेबांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग त्यांनी फाईल बंद केली. इंजिन काय बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. किंवा मालकांसोबत दुपारचं जेवण ठरलेलं असेल. मला माहीत नाही.

“नामंजूर,” ते म्हणाले. “टपालानं कळवू.”

“लेखी द्या,” मी म्हणाले. “कारणासकट. आत्ता. मी थांबते.”

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं मालक बाहेर आले, मागून आप्पा. मालकांची जीप होती. “चल रे इंजिनवाले, मागं बस.” आप्पा माझ्यासमोर येऊन थांबले. “चल माय.” मी मान हलवली. ते आणखी थोडा वेळ थांबले आणि मग जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. जीप वळली तेव्हा त्यांचं तोंड माझ्याकडं होतं. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला दुसरीकडं तोंड करता येत नाही.

तीन तास मी बसले. कारकून येता-जाता बघायचे. शिपायानं सांगितलं, साहेब गेले. मी म्हणाले, पेशकार आहेत. एकानं विचारलं, पाणी पाहिजे का? मी हो म्हणाले आणि पाणी प्याले. उपकार वाटला नाही. कचेरी बंद व्हायच्या आत पेशकारांनी कागद आणून माझ्या मांडीवर टाकला. साहेब जाताना सही करून गेले होते. “घे. फ्रेम करून लाव भिंतीला.” मी तो तिथंच, त्यांच्यासमोर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. या वेळी मनातल्या मनात. त्यांना उभं राहावं लागलं. ‘अर्जदाराच्या वडिलांच्या कबुलीवरून’ असे शब्द होते. ‘सबब अर्जदार गैरमुलकी’ असे होते. खाली लिहिलं होतं, एक महिन्यात अपील करता येईल.

बस तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट करत निघाली. शेजारच्या बाईनं विचारलं, “कुठली गं तू?” मी म्हणाले, “मुरुमची.” एवढं बोलायला मला वीस वर्षं लागली.

घरी आप्पा जेवले नव्हते. अव्वा चुलीपुढं बसून होती.  मग आप्पाच म्हणाले, “खोली जाईल, माय. इंजिन जाईल. या वयात कुठं जाऊ म्या?”

“तुम्ही इथं राहतच नाही असं तुम्हीच सांगून आलात. मग इथून घालवणार कुणाला?”

अव्वा म्हणाली, “बापाला आसं बोलू नये.”

“ऱ्हाऊ दे,” आप्पा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुला काय. तुला इंग्रजी येतं. सोलापूरला जाशील, पुन्याला जाशील. म्या फकस्त ह्या इंजिनाला ओळखतो.”

यातलं निम्मं खरं होतं. मला जायला जागा होती. मामांचं पत्रही आलं होतं, मिशनच्या शाळेत जागा आहे, ये. त्या रात्री मी विचार केला आणि मला दिसलं की मी गेले तर पेशकार बरोबर ठरतात. बाहेरची होती, बाहेर गेली. मालक बरोबर ठरतात. आणि आप्पांचे ते चार महिने, दर वर्षीचे, पंचवीस वेळचे, कायमचे कुणाचेच नाहीत असे होऊन जातात. मी मामांना कळवलं, येत नाही.

शाळेतून मला काढलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “पेशकारांच्या ओळखीत एक स्थळ आहे म्हणे, मुलगा मुलकी आहे, विचार करायला काय हरकत आहे?” त्यांनी ते काळजीनं सांगितलं. मी म्हणाले, “सर्टिफिकेटसाठी मी नवरा करणार नाही.” त्यांना हे उद्धट वाटलं. वाटू दे.

अपील मी लिहिलं आहे. या वेळी मराठीत, कारण ते आप्पांना वाचता आलं पाहिजे. भीक मागणारं एकही वाक्य त्यात नाही. वैशाख ते दसरा इंजिनाचा कुठला भाग कोणत्या क्रमानं निघतो, तो कुणी काढला, कुठं ठेवला, हे सगळं लिहिलं आहे. आवारात बारा महिने राहणाऱ्या पाच घरांची नावं लिहिली आहेत. त्यांना आधी विचारलं. दोघांनी होकार दिला. दोघं गप्प राहिले. एकानं दार लावून घेतलं, त्याचंही नाव मी तसंच ठेवलं आहे, कारण तोही तिथंच राहतो.

काल मी ते आप्पांना वाचायला दिलं. पहिल्याच ओळीवर ते थांबले. पहिली ओळ अशी आहे: ‘माझे वडील चौकशीत खोटे बोलले, कारण त्यांच्या मालकाने त्यांना तसे बोलणे भाग पाडले.’

“ही वळ काढ, माय,” ते म्हणाले. “बाकीचं ऱ्हाऊ दे. येवढी काढ.”

ती काढली तर अपील उभं राहत नाही. त्यांची कबुली कागदावर आहे, आणि ती खोटी आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं काहीच खरं ठरत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. ते उठून बाहेर गेले आणि जिनाच्या बंद दारापाशी जाऊन उभे राहिले. मला त्यांची दया आली. ओळ मी काढली नाही.

उद्या सकाळी मूळ प्रत टपालात टाकीन. नक्कल मालकांच्या बैठकीत जाऊन त्यांच्या हातात देईन, उंबऱ्याच्या आत उभी राहून. खोलीतून काढलं तर सामान रस्त्यावर मांडून तिथं राहीन. पण मुरुममध्येच राहीन.